कोकणकड्याची शेजपाळी

संगमनेरहून पश्चिमेला निघालं की अकोले, राजूर मागे टाकत रस्ता सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे चढू लागतो. ऊस संपतो, भातखाचरं लागतात आणि अखेर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई येतं. गड अकोले तालुक्यात असला तरी त्याच्या अंगाला तीन जिल्हे भिडतात. पाचनई अहिल्यानगरचं, खिरेश्वर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्याचं आणि बेलपाडा ठाण्यातल्या मुरबाडचं. गावागणिक वाट बदलते आणि वाटेगणिक चढणारा माणूसही. पाचनईची वाट ओढ्याच्या कडेने, कपारीखालून दोन-तीन तासांत देवळापाशी नेते. लेकुरवाळी कुटुंबंही ती चढतात. खिरेश्वरहून नागेश्वराचं जुनं देऊळ पाहून तोलार खिंडीतून चढायचं तर पाच-सहा तास मोडतात, खिंडीवरचा कातळटप्पा हाताने धरून चढावा लागतो आणि पुढे टेकड्यांमागून टेकड्या येत राहतात. बेलपाड्याची नळीची वाट म्हणजे कोकणकड्याच्या कुशीतली दगडधोंड्यांनी भरलेली घळ. तिथे सकाळी लवकर शिरलेला गट माथ्यावर पोचतो तेव्हा दिवस कलायला आलेला असतो. गड एकच, पण कुवत आणि तयारी पाहून तो माणसाला आपलं वेगवेगळं अंतर दाखवतो. त्याच्या थोरवीचा मोठा वाटा मला या अवघडपणात दिसतो. तो जपून गडावरची गर्दी कशी आवरायची, हाच या लेखाचा विषय आहे.

माथ्यावर मिळतं काय, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यासाठीच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर पसरलेल्या या माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ एका खोलगट जागी उभं आहे. सुमारे पन्नास फुटांचं त्याचं शिखर दुरून दिसतच नाही. उतरणीवर अचानक सामोरं येतं. शेजारी लेण्या आहेत, देवळ्यांची रांग असलेली पुष्करणी आहे, आणि जवळच केदारेश्वराची गुहा. गुहेत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एकच खांब. चांगदेवांनी इथे तपश्चर्या केली आणि ‘तत्त्वसार’ इथेच लिहिलं, असं परंपरा सांगते. या परिसरात उगम पावणारी मंगळगंगा मुळेला मिळते, आणि मुळा कोतूळवरून संगमनेरच्या पठार भागातल्या घारगावाजवळून पुढे राहुरीकडच्या धरणात जाते. गडाशी संगमनेरचं नातं सहलीपुरतं नाही, ते पाण्याचं आहे.

आणि मग कोकणकडा. देवळापासून पश्चिमेला चालत गेलं की जमीन संपते. कडा सरळ तुटलेला नाही. तो वरून पुढे झुकलेला आणि आत वाकलेला आहे, बेसॉल्टच्या आडव्या थरांचा अर्धवर्तुळाकार पट्टा. खाली हजार फुटांहून कितीतरी जास्त पोकळी आणि तिच्या तळाशी कोकणातली गावं. काठावर उभं राहायची सोय नाही. लोक पालथे पडून, डोकं तेवढं बाहेर काढून खाली पाहतात. मुंबई सरकारच्या नोकरीतला विल्यम हेन्री साईक्स हा लष्करी अधिकारी दख्खनचं हवामान अभ्यासत होता. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेल्या त्याच्या निबंधात हरिश्चंद्रगडावरच्या धुक्यात दिसलेल्या पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्याची आणि त्यात पडलेल्या स्वतःच्या सावलीची नोंद आहे. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. सूर्य पाठीशी खाली असावा लागतो, दरीत धुकं भरलेलं असावं लागतं आणि माणूस नेमका त्या दोहोंच्या मध्ये असावा लागतो. पश्चिमेला तोंड असलेल्या कड्यावर हा योग सकाळीच जुळतो, म्हणजे आदल्या दिवशी गड चढून रात्र वर काढलेल्याला. तेही धुक्याची मर्जी असेल तर. कितीतरी लोक चार-चारदा जाऊनही ते न पाहता उतरतात आणि पुन्हा जातात. गडावरून आलेल्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी हटकून येतात: चढताना काय हाल झाले आणि वर काय दिसलं. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या तर दुसरीचं वजन उतरतं. पालथं पडून कड्याखाली पाहणाऱ्याच्या छातीतली धडधड निम्मी त्या पोकळीमुळे असते आणि निम्मी आदल्या दिवशीच्या चढणीमुळे.

आजवर या गडाला राखणदार नेमावा लागला नाही, कारण अवघडपणाच राखणदार होता. पावसाळ्यात ओढे अडवायचे, उन्हाळ्यात पाणी आटायचं, एसटी राजुरापर्यंत मिळाली तरी पुढचं चालत गाठावं लागायचं. जो वर पोचायचा तो गडाबद्दल काही ऐकून, वाचून, कुणा जाणत्याच्या मागोमाग पोचायचा, आणि जाणत्याचे नियम पाळायचा. रस्ते सुधारले, गाड्या पाचनईच्या वेशीपर्यंत जाऊ लागल्या, मोबाइलवरच्या चित्रफितींनी कोकणकडा घराघरांत नेला. यात वाईट काही नाही. पाचनईच्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला तो रस्ता हवाच होता. पण राखणदार गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. पावसाळी शनिवार-रविवारी गडावर जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: कातळटप्प्यावर रांगा, कड्याच्या काठावर फोटोसाठी रेटारेटी, केदारेश्वराच्या पाण्यात प्लास्टिक, रात्री लेण्यांमध्ये ध्वनिवर्धक. डोळ्यांना चटकन न दिसणारी हानी याहून मोठी आहे. सड्यावरची माती बोटभर जाडीची असते. सोनकी, तेरडा आणि असंख्य नाजूक रोपटी पावसाच्या तीन-चार महिन्यांत तिच्यावर उगवून, फुलून, बी धरून मोकळी होतात. नेमके तेच महिने गर्दीचे. पायांनी एकदा मोकळी झालेली माती पुढच्या पावसात कातळावरून धुऊन जाते, आणि ती पुन्हा साठायला किती काळ लागेल याचा हिशेब माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

यावर जे उपाय सुचवले जातात ते बहुतेक सारे एकाच दिशेचे आहेत: पायऱ्या बांधा, कठडे लावा, रस्ता अजून वर न्या. मला ही दिशाच उलटी वाटते. अवघडपणा कमी केला तर आधीच ओसंडणाऱ्या जागेत आणखी माणसं येतील आणि ज्यासाठी ती येतात तेच उरणार नाही. दुसरी एक दिशा आहे, आणि तिचा एक जुना दाखला अशा खेळाचा आहे ज्याच्याशी आपल्या भागाचा काडीचा संबंध नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावचं ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान कुणी आखलेलं नाही. उत्तर समुद्राकाठची ती वाळवट पडीक जमीन, आपल्या शब्दांत गायरानच. १५५२ च्या सनदेत आर्चबिशपने तिथे ससे पाळायचा आपला हक्क राखला आणि गावकऱ्यांचा तिथे गुरं चारण्याचा, हरळीची ढेकळं काढण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला. १७६४ साली तिथे बावीसऐवजी अठरा होल, म्हणजे चेंडू घालायच्या खाचेपर्यंतचे टप्पे, झाले आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. मधल्या काळात कर्जबाजारी गावाने १७९७ साली ती जमीन हातची घालवली. ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे गेली, सशांनी मैदान पोखरलं, गावकरी आणि व्यापारी कोर्टात आणि मैदानावरही भिडले. १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी वाचवली आणि १८९४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून ती गावाच्या हाती दिली. आज १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला न्यास ते मैदान सांभाळतो. जगातलं सर्वांत नावाजलेलं गोल्फचं मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही, ते सार्वजनिक आहे.

या मैदानाने आपला अवघडपणा कधी सोडला नाही. त्यात ११२ बंकर आहेत, म्हणजे वाळूचे खड्डे. काही इतके खोल की आत उतरलेल्या खेळाडूला बाहेरचा झेंडा दिसत नाही. समुद्रावरचा वारा एका फेरीत दोनदा दिशा बदलू शकतो. सतराव्या होलवर पहिला फटका हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारावा लागतो, पुढे अरुंद ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या आखूड हिरवळीच्या, एका अंगाला खोल खड्डा आणि दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता. १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा तिथल्या खड्ड्यात चेंडू घालवून बसला, तो बाहेर काढायला त्याला चार फटके लागले आणि त्या एका होलवर त्याचे नऊ झाले. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ मध्ये अकराव्या होलवरच्या खड्ड्यात इतका वैतागला की स्पर्धा अर्ध्यात सोडून गेला. तोच सहा वर्षांनी त्याच मैदानावर ओपन जिंकला, आणि १९५८ साली गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. खड्डे बुजवा, रस्ता हलवा अशी मागणी करायला त्याच्याइतकं कारण कुणाला नव्हतं. त्याने ती केली नाही, आणि पुढे त्याच मैदानावर जन्मभर जीव लावला. जगभरातून पहिल्यांदा तिथे खेळायला येणारा साधा माणूसही घरी जाऊन सांगतो ते आपण कुठे जिंकलो ते नव्हे, कुठल्या खड्ड्यात अडकलो ते.

मग इतक्या लोकांना आवरतात कसं? पाळी लावून. पूर्वनोंदणीखेरीज रोजच्या काही वेळा सोडतीसाठी राखून ठेवतात. दोन दिवस आधी नाव द्यायचं, चिठ्ठी निघाली तर खेळायचं. येणाऱ्याने आपल्या कसबाचा, म्हणजे हॅन्डिकॅपचा दाखला दाखवायचा. गावात राहणाऱ्यांना वर्षाचं तिकीट अगदी माफक दरात. हिवाळ्यात गवत कमजोर असताना फटका जमिनीवरून न मारता सोबत आणलेल्या छोट्या चटईवरून मारायचा. आणि रविवारी, जो दिवस सर्वांत जास्त कमाईचा ठरला असता त्या दिवशी, मोठी स्पर्धा नसेल तर मैदान बंद. त्या दिवशी गावची माणसं तिथे मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन फिरतात. रविवारच्या विश्रांतीचा उगम धर्मात होता. आज ती जमिनीच्या तब्येतीसाठी पाळली जाते. मैदान सोपं केलेलं नाही, महागड्या क्लबाच्या कुंपणात घातलेलं नाही. प्रत्येकाने आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, एवढंच ठरलेलं आहे.

नंबर येईपर्यंत थांबणं संगमनेरच्या शेतकऱ्याला परकं नाही. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेतून येतं, ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना लागतं आणि तिथून पुढे शेजपाळीने फिरतं. पाणी मोजकं, रानं अनेक. कुणाचा दिवस कुठला, किती तास, हे ठरलेलं असतं. पाळी मोडणाऱ्यावरून भांडणं होतात, पण म्हणून पाळीच नको, ज्याला जेवढं ओढता येईल त्याने तेवढं ओढावं, असं कुणी म्हणत नाही, कारण मग शेवटच्या रानापर्यंत थेंब जाणार नाही हे सगळ्यांना कळतं. हरिश्चंद्रगडाचा माथा हीसुद्धा मोजक्या साठ्याचीच गोष्ट आहे. एका रात्रीत किती माणसांचा भार ती बोटभर माती, ती पाण्याची टाकी, ती गुहा सोसू शकते याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेवर येणाऱ्या प्रत्येक माणसागणिक आधी आलेल्याचाही अनुभव पातळ होतो.

यावर पहिली हरकत रास्त आहे. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. ओल्ड कोर्सवर बाहेरच्या माणसाला एका फेरीचे तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात. गड मात्र सर्वांचा आहे, फुकट आहे, त्यावर तिकीट लावणं म्हणजे इतिहासाला कुंपण घालणं. फीबद्दलची हरकत मला पूर्ण मान्य आहे. तिथली फी आपण उचलूच नये. गर्दी किमतीने आवरली की गरीब आधी बाहेर पडतो, चिठ्ठीने आवरली की सगळे एका ओळीत उभे राहतात. म्हणून फी नाममात्र असावी आणि सोडत खरी असावी. आजची व्यवस्था सर्वांना समान आहे हेही मात्र खरं नाही. आज ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, शनिवारी सुटी आहे, तंबूवाल्याला आगाऊ पैसे देण्याची ऐपत आहे, त्याचाच नंबर आधी लागतो. राजुरात एसटीने उतरून चालत येणारा विद्यार्थी पोचतो तेव्हा लेण्यांत आडवं व्हायला जागा उरलेली नसते.

दुसरी हरकत भाविकांची. हा किल्ला आहे तितकाच देवही आहे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, श्रावणी सोमवारी पंचक्रोशीतले लोक चढतात. त्यांना चिठ्ठी काढायला सांगणं अन्यायाचं होईल, आणि तसं करायची गरजही नाही. सेंट अँड्र्यूजने गावकऱ्यांचा हक्क पाहुण्यांच्या हक्कापेक्षा जुना मानला, तसाच इथेही मानावा. देवाला येणारा माणूस बहुतेक दिवसाच येतो आणि दिवसाच उतरतो. सोडत मुक्कामाला लावावी, म्हणजे खरा भार जिथे पडतो तिथेच ती लागेल.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे, ती पाचनईची. गावातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांसाठी भातानंतर हातात पैसा येतो तो पाहुण्यांकडून: झुणका-भाकर, लिंबू सरबत, ताक, तंबू, वाटाड्याची मजुरी. संख्या कमी करा म्हणणं शहरात बसून सोपं आहे. पण या प्रश्नाला महाराष्ट्रातच उत्तर मिळालेलं आहे. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पाहुण्यांची मर्यादा आहे, नाव आधी नोंदवावं लागतं आणि व्यवस्था कास व आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या हाती आहे. तिथे पाहुण्यांच्या शुल्कावर गावातल्या माणसांना हंगामभर काम मिळतं. हरिश्चंद्रगडावर आज शनिवारी झुंबड आणि मंगळवारी शुकशुकाट असतो. सोडतीमुळे ज्याला शनिवार मिळणार नाही तो बुधवार घेईल, आणि ज्या घराला आठवड्यात दोन दिवस धावपळ आणि पाच दिवस रिकामे हात मिळतात त्याला सहा दिवस बेताचं काम मिळेल. वाटाड्या सक्तीचा केला तर डोई मिळणारी रक्कमही वाढते. ओल्ड कोर्सवरचे कॅडी, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणारे सोबती, नेमकं हेच काम करतात: पाहुण्याला कुठला खड्डा टाळायचा ते सांगतात आणि मैदानाची काळजीही घेतात.

कायद्याची अडचण सांगितली जाते, पण कायदा इथे बाजूनेच आहे. गड १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाने अभयारण्यात विनापरवाना शिरता येत नाही, आणि २८ व्या कलमाने पर्यटनासाठी परवाने देता येतात. म्हणजे संख्या ठरवायचा अधिकार नव्याने निर्माण करायचा नाही, असलेला वापरायचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या जंगलाचं रक्षण करायचा अधिकार दिला आहे. वनखात्याने एकट्याने नियम केला तर तो चौकीपुरता राहील, ग्रामसभेने एकटीने केला तर त्याला खात्याची सही लागेल. दोघांनी मिळून करावा, आणि सोडत पाचनईच्या चावडीवरून, खिरेश्वर आणि बेलपाड्याला सोबत घेऊन व्हावी. नाहीतर एका वाटेवरची गर्दी दुसऱ्या वाटेवर लोटली जाईल.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. कड्यावर आणि नळीच्या वाटेवर अपघात होतात, मग कठडे का नकोत? तोलार खिंडीवरच्या कातळावर लावलेले लोखंडी कठडे मला गैर वाटत नाहीत, कारण तिथे निसरड्यावर जीव जाऊ शकतो आणि कठड्याने वाटेचं रूप बदलत नाही. कोकणकड्याच्या काठावर मात्र जाळी मारली तर तो कडा राहणार नाही, आणि जाळीवर चढून फोटो काढणारा तरीही सापडेल. तिथे उपाय माणूस आहे: काठावर एका वेळी किती जण जातील ते पाहणारा गावचा रखवालदार. नळीच्या वाटेला तर ओल्ड कोर्ससारखा दाखलाच हवा, आधी सोप्या दोन वाटा चढल्याचा आणि सोबत जाणता वाटाड्या असल्याचा. वय झालेल्या माणसाने काय करावं, हा प्रश्न उरतो. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, आणि राजधानीला, महाराजांच्या समाधीला प्रत्येकाला जाता यावं यासाठी तो असणं समजू शकतं. पण म्हणून प्रत्येक गडाला तार बांधायची नसते.

सेंट अँड्र्यूजमध्ये ज्याची चिठ्ठी निघत नाही तो रिकाम्या हाताने परतत नाही. ओल्ड कोर्सला लागूनच १८९५ साली न्यू कोर्स झालं, १८९७ मध्ये ज्युबिली, आणि आज त्या गावात अशी सात सार्वजनिक मैदानं आहेत. आपल्याकडे तर असा दुसरा पर्याय बांधावाही लागत नाही. अकोले आणि सिन्नरच्या सीमेवर पट्टा किल्ला आहे. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ साली शिवाजी महाराज इथे थांबले आणि त्याचं नाव विश्रामगड पडलं. खुद्द संगमनेर तालुक्यात पेमगिरी आहे, जिथे शहाजीराजांनी १६३३ साली बालनिजामशहाला गादीवर बसवून काही काळ दख्खनचा कारभार चालवला. पायथ्याच्या गावाजवळ काही एकरांवर पसरलेला वड आहे, माथ्यावर पेमाई देवीचं देऊळ आहे आणि चढण म्हाताऱ्यांनाही झेपणारी आहे. कोकणकड्याची सोडत सुरू झाली की तिच्या पावतीवर, नाव न निघालेल्यासाठी, पट्ट्याची आणि पेमगिरीची वाट छापावी.